होमी भाभा आणि इलेक्ट्रॉनचा ताळमेळ

होमी भाभांचा जन्म १९०९ चा, मुंबईतला. वडिलांनी इंजिनीअर व्हायला केंब्रिजला पाठवलं. त्यांना मात्र भौतिकशास्त्र हवं होतं. अट ठरली: आधी इंजिनीअरिंगमध्ये पहिला वर्ग. तो मिळवून भाभा आपल्या वाटेला लागले.

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन भिडले की ते विखुरतात किंवा नष्ट होऊन नवी जोडी जन्मते. बाहेर आलेली जोडी जुनी की नवी, हे ओळखता येत नाही. म्हणून दोन्ही शक्यतांच्या लहरी एकत्र धराव्या लागतात, हे भाभांनी १९३६ च्या शोधनिबंधात मांडलं. हेच ‘भाभा स्कॅटरिंग’.

लहरींचा असा ताळमेळ म्हणजे कोहेरन्स. पृष्ठभागावरूनच वीज वाहू देणाऱ्या टोपोलॉजिकल इन्सुलेटरमध्येही तो अणूंच्या थरथरीने, इलेक्ट्रॉनच्या आपसातल्या धडकांनी मोडतो.

१९६६ मध्ये माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात भाभा गेले. त्यांनी १९४५ मध्ये उभारलेली टीआयएफआर आजही मुंबईत संशोधन करते आहे.