वाट बांधणारा सोलापूरकर

सोलापुरात रिक्षात बसून नुसतं वालचंद म्हटलं की रिक्षावाला बरोबर कॉलेजच्या गेटसमोर आणून सोडतो. सांगलीतही तसंच. हे नाव आता बिल्डिंगचं झालंय, त्यामागच्या माणसाची चौकशी आपण करत नाही. आमच्या कॉन्व्हेंटच्या हिस्टरीत ते मला भेटले नव्हते, इथल्या लायब्ररीत भेटले. आणि वाचत गेले तसं लक्षात आलं की साखर, मोटार, विमान अशा कितीतरी गोष्टी करणाऱ्या या माणसाने आयुष्यभर एकच प्रश्न सोडवला: माल इथून तिथे जायचा कसा?

शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घरी सावकारी आणि कापसाचा व्यापार. कॉलेज अर्धवट सोडून ते पेढीवर बसले, पण गादीवर मन रमेना. मग लक्ष्मणराव फाटक नावाच्या, पूर्वी रेल्वेत कारकून असलेल्या गृहस्थांबरोबर भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी-तडवळे मार्गाचं काम घेतलं.

ही अडीच फुटी रेल्वे आपण सगळ्यांनी अभ्यासावी अशी आहे. तिचे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी हिशोब असा बसवला होता की इंजिन असो वा वाघिणी, एका अ‍ॅक्सलवर पाच टनांहून जास्त भार येता कामा नये. भार सारखा वाटला, म्हणून हलक्या रुळांवरून भरपूर माल जायचा. अशा रेल्वेवर वालचंदांच्या कंत्राटदारीचा श्रीगणेशा झाला. पुढे बोरघाटात रेल्वेचे बोगदे खोदले, १९२६ मध्ये इंडियन ह्यूम पाइप कंपनी काढली. डोंगर फोडायचा, वाट काढायची हे अंगवळणी पडलं.

खरी परीक्षा समुद्रावर झाली. पहिलं महायुद्ध संपल्यावर ग्वाल्हेरच्या महाराजांचं एक जहाज विक्रीला आहे असं कळलं. वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि आणखी काही जणांनी ते घेतलं आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ ला हे लॉयल्टी जहाज मुंबईहून लंडनला निघालं. आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात तो याच प्रवासामुळे.

पण ब्रिटिश कंपन्यांना हे कुठं चालणार? त्यांनी भाडी इतकी पाडली की नव्या कंपनीचा दम निघावा. हा डाव जुनाच होता. तुतिकोरीनला व्ही. ओ. चिदंबरम पिल्ले यांनी १९०६ मध्ये काढलेली स्वदेशी जहाज कंपनी याच भाडेयुद्धात बुडाली होती. सिंदिया बुडाली नाही, मात्र १९२३ च्या दहा वर्षांच्या करारात तिला परदेशी वाहतूक सोडून किनाऱ्यापुरतं राहावं लागलं. आपलाच माल, पण न्यायचा कोणी आणि कितीला, हे दुसऱ्यांनी ठरवायचं!

वालचंद तिथे थांबले नाहीत. जहाज विकत मिळतं तोवर विकणारा मालक, हे ओळखून त्यांनी विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना काढायचं ठरवलं. २१ जून १९४१ ला डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी शहरावर जपानी बॉम्ब पडले. तरी १४ मार्च १९४८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते जलउषा पाण्यात उतरली. मधल्या काळात बंगळूरला विमानांचा कारखाना (१९४०) आणि मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स (१९४४) झालं. ८ एप्रिल १९५३ ला ते गेले.

आता तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट व्हायवाला कोण विचारणार? तर धाराशिवकडे जाताना हायवेच्या कडेला उभे असलेले लांबच लांब ट्रेलर आठवा. त्यावर पवनचक्कीचं एकेक पातं असतं. आजकाल पाती ६० मीटरच्याही पुढे गेली आहेत, म्हणजे रेल्वेच्या अडीच डब्यांहून लांब. ते पातं मधोमध कापून नेता येत नाही. वळण रुंद हवं, वरच्या विजेच्या तारा उंच हव्यात. पवनचक्कीच्या माथ्यावरची यंत्रपेटी तर कित्येक टनांची, ती अनेक अ‍ॅक्सलच्या ट्रेलरवरच जाते. कॅलथ्रॉप साहेबांचाच हिशोब, फक्त रुळांऐवजी डांबरावर.

बंदरांचंही तेच. धक्क्याची जमीन एवढा भार पेलायला हवी आणि पाती आडवी ठेवायला मोकळं आवार हवं. म्हणून जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली, तेव्हा त्यातले ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी ठेवले. पवनचक्क्यांचे सुटे भाग हाताळणाऱ्या बंदरांत तुतिकोरीन आहेच, आणि त्या बंदराला आता चिदंबरम पिल्ल्यांचंच नाव आहे. ज्यांची जहाजं बुडवली, त्यांच्याच नावाच्या धक्क्यावर आज पाती उतरतात!

वारा फुकट आहे, ऊनही फुकट आहे, सोलापुरात तर जरा जास्तच. पण त्याची वीज करणारं यंत्र माळावर पोचेपर्यंत फुकट काहीच नसतं. पूल, वळण, धक्का, ट्रेलर, जहाज यातलं एक जरी कमी पडलं तरी पातं रस्त्यातच अडतं. आपल्यात सिव्हिलवाल्यांना सगळे चिडवतात की तुमचं काय, खडी आणि डांबर! त्यांनी आता मान वर करून सांगावं की आमच्या गावच्या एका माणसाने खडी-रुळांपासून सुरुवात करून थेट जहाज पाण्यात सोडलं होतं. आणि आपण बाकीच्यांनी कॅम्पसला नव्या टेक्नॉलॉजीवर बोलताना एवढं विचारावं, की हे सगळं जाणार कुठल्या वाटेने, आणि ती वाट कोणाच्या हातात आहे?