कॅन्सर, व्हायरस आणि कमलताई

८ नोव्हेंबर २०२१ ला गुगल उघडलं असेल, तर मायक्रोस्कोपमधून बघणाऱ्या एका बाईंचं डूडल तुम्हाला आठवत असेल. त्या डॉ. कमल रणदिवे. २००१ मध्ये त्या गेल्या, तेव्हा तुमच्यापैकी बहुतेकांचा जन्मही झाला नव्हता. पण कॉलेजच्या कट्ट्यावर जो विषय आपण दबक्या आवाजात काढतो, तो समजून घ्यायचा तर त्यांची गोष्ट माहीत हवी.

१९१७ चा जन्म, पुण्यातला. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. लेकीनं डॉक्टर व्हावं आणि नवराही डॉक्टरच करावा, ही त्यांची इच्छा. हुजूरपागेत शिकलेल्या कमलनं दोन्ही ऐकलं नाही! कॉलेजात वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं, १९३९ मध्ये लग्न केलं ते गणितज्ञ जयसिंग रणदिवे यांच्याशी. एमएस्सीला अभ्यास केला सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींचा.

लग्नानंतर मुंबई. तिथे टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएचडी झाली. मग त्या अमेरिकेत, बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये पेशी वाढवायचं तंत्र शिकल्या. ही तीच लॅब, जिथे १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या महिलेच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी तिला न विचारता वाढवल्या गेल्या. त्या पेशी आजही जगभर वाढतायत.

परत येऊन कमलताईंनी मुंबईत तशीच लॅब उभी केली. उंदरांमधला स्तनाचा कॅन्सर हा त्यांचा विषय. उंदरांत एक व्हायरस आईच्या दुधातून पिल्लांत जातो. तो व्हायरस, आनुवंशिकता आणि हार्मोन्स यांचा मेळ कसा बसतो, हे त्या वर्षानुवर्षं तपासत राहिल्या. १९७३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत महिला शास्त्रज्ञांची संघटना काढली, १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

उंदरांचा तो व्हायरस वेगळा, माणसांतला एचपीव्ही वेगळा. पण व्हायरसमुळे माणसालाही कॅन्सर होऊ शकतो, हे १९८० च्या दशकात जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबाबत दाखवलं. हेन्रिएटाच्या त्या पेशींतही एचपीव्ही १८ सापडला. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता आपल्याकडे या. एचपीव्ही लैंगिक संबंधातून पसरतो आणि इतका कॉमन आहे, की तो होणं म्हणजे कुणाच्या चारित्र्यावर डाग नाही. बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्यात टिकून राहतो आणि मग दहा-वीस वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. म्हणजे मधे भरपूर वेळ मिळतो, पण लाजेपायी तो आपण घालवतो. लग्न झालेलं नाही, मग लस कशाला, असं सातारा-सांगलीतही अनेक घरांत म्हटलं जातं. खरं तर लस संबंध सुरू होण्याआधीच जास्त उपयोगी पडते. पुण्यात बनलेली लस ९ ते २६ वयात घेता येते, मुलांनाही. पंधरानंतर तीन डोस लागतात.

आणि तपासणी? तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात लाखाहून जास्त महिलांवर झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एचपीव्ही चाचणी एकदाच करूनही या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तुमची आई तिशीपुढची असणारच. तिची तपासणी झालीय का, आज घरी गेल्यावर विचारा.