हॅरिएट विल्सन : कोंडलेल्या आवाजाची कहाणी

गुलामगिरी म्हटली की अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाचे मळे, साखळदंड आणि चाबूक डोळ्यांसमोर येतात. उत्तरेकडची राज्ये म्हणजे मात्र स्वातंत्र्याची भूमी, असेच आपण वाचत आलो. हा समज ज्या कृष्णवर्णीय स्त्रीने स्वतःच्या आयुष्याचा पुरावा देऊन खोडून काढला, तिचे नाव हॅरिएट विल्सन. पुढे हीच स्त्री बॉस्टन शहरात मृतात्म्यांशी बोलणारी 'माध्यम' आणि दिव्यदृष्टीने रोग ओळखणारी 'डॉक्टर' म्हणून प्रसिद्धीस आली. बुद्धिप्रामाण्य मानणाऱ्या वाचकाला हे खटकेल. म्हणूनच तिचे चरित्र नीट समजून घेतले पाहिजे.

हॅरिएटचा जन्म 1825 साली न्यू हॅम्पशायर राज्यातील मिलफर्ड या गावी झाला. बाप कृष्णवर्णीय, लाकडी पिंपे बनवणारा कारागीर. आई गोरी, धुणी धुणारी. बाप गेल्यावर आईने पोरीला एका गोऱ्या शेतकऱ्याच्या घरी सोडले आणि ती निघून गेली. कायद्याने हॅरिएट गुलाम नव्हती. वयाची 18 वर्षे होईपर्यंत पोटावारी राबणारी ती 'बांधील' मोलकरीण होती. पण मारहाण, उपासमार आणि अपमान यांत काय फरक होता? आपल्या आत्मचरित्रात्मक कादंबरीत तिने दाखवले आहे की, मालकीण लहानग्या नायिकेला बेदम मारते आणि तोंडात लाकूड कोंबून अंधाऱ्या खोलीत डांबते. संशोधकांनी हे घर हेवर्ड कुटुंबाचे असल्याचे शोधून काढले. त्या मालकिणीचे माहेर हचिन्सन घराण्यातले, म्हणजे गावोगाव गुलामगिरीविरोधी गाणी गाणाऱ्या प्रसिद्ध गायकांच्या नात्यातले! व्यासपीठावर मुक्तीची गाणी आणि घरात मुकी केलेली पोर, हा होता त्या 'स्वतंत्र' उत्तरेचा खरा चेहरा.

अतिकष्टाने तिची प्रकृती कायमची ढासळली. 1851 मध्ये तिने थॉमस विल्सनशी लग्न केले. तो तिला सोडून गेला. 1852 मध्ये मुलगा जॉर्ज जन्मला. मायलेकरांवर सरकारी गरीबगृहाच्या आश्रयाची पाळी आली. केसांचे औषध तयार करून विकण्याचा धंदाही तिने केला. मुलाला जगवण्यासाठी पैसे मिळावेत म्हणून 5 सप्टेंबर 1859 रोजी बॉस्टनमध्ये तिने आपली कादंबरी छापून घेतली. मालकाच्या घरात तिला ज्या हेटाळणीच्या नावाने हाक मारत, तेच नाव तिने पुस्तकाला दिले. अमेरिकेत प्रसिद्ध झालेली कृष्णवर्णीय स्त्रीची ही पहिली कादंबरी मानली जाते. पण पुस्तकाकडे कोणी फिरकले नाही. गुलामगिरीविरोधी मंडळींना दक्षिणेतल्या मालकांवरचे पुस्तक हवे होते, स्वतःच्या स्वयंपाकघराचा पंचनामा नको होता, असेच म्हणावे लागते. फेब्रुवारी 1860 मध्ये सात वर्षांचा जॉर्ज तापाने गेला.

1848 साली न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल येथे फॉक्स भगिनींनी मृतात्म्यांचे टकटक आवाज ऐकू येतात असा दावा केला आणि तेथून परलोकवादाची लाट उसळली. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. घराघरात दुःख होते आणि त्याला ही चळवळ दिलासा देत होती. तिला पाद्री लागत नव्हता, देवळाची परवानगी लागत नव्हती. अंगात आलेली बाई भर सभेत बोलू शकत होती. 1867 मध्ये 'बॅनर ऑफ लाइट' या परलोकवाद्यांच्या साप्ताहिकात हॅरिएटचे नाव कृष्णवर्णीय माध्यम म्हणून झळकू लागले. सभांमधून ती कामगारांच्या प्रश्नावर, मुलांच्या शिक्षणावर बोलू लागली. रुग्ण तिच्याकडे येऊ लागले.

आत्मे बोलतात, हे आम्हाला मान्य नाही. खुद्द मार्गारेट फॉक्स हिने 1888 मध्ये जाहीर सभेत कबूल केले की ते आवाज पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढले होते. पुढच्या वर्षी तिने हे शब्द मागे घेतले, पण भांडे फुटायचे ते फुटलेच. तरीही एक प्रश्न उरतो. स्वतःच्या नावाने पुस्तक लिहिले तेव्हा जो समाज बहिरा झाला, तोच समाज तिच्या तोंडून मेलेली माणसे बोलतात म्हटल्यावर कान देऊन ऐकू लागला, तो का? वैद्यकीय शिक्षणाचे तसेच. रिबेका क्रम्प्लर ही अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री, तीही 1864 साली. जिथे महाविद्यालयाचे दार जवळजवळ बंद, तिथे गरीब बाई दिव्यदृष्टीच्या खिडकीतून आत शिरली. दोष द्यायचा तर आधी बंद दाराला द्यावा लागेल.

हॅरिएटचे सर्वांत मोलाचे काम मात्र मुलांसाठीचे आहे. परलोकवादी विचारवंत अँड्र्यू जॅक्सन डेव्हिस याने 1863 मध्ये मुलांच्या रविवारच्या शाळा सुरू केल्या होत्या. तिथे नरकाची भीती घालत नसत, घोकंपट्टी नसे. मुलांना प्रश्न विचारू देत. बॉस्टनच्या या शाळांमध्ये ती मनापासून राबली. ज्या बाईच्या तोंडात लहानपणी लाकूड कोंबले होते, ती दुसऱ्यांच्या लेकरांना बोलते करीत होती. आत्म्यांपेक्षा हा चमत्कार मोठा आहे.

1879 ते 1897 या काळात तिने बॉस्टनमधील एक खानावळवजा निवासगृह सांभाळले. 28 जून 1900 रोजी क्विन्सी येथे तिचे निधन झाले. नंतर जग तिला विसरले. ज्यांना पुस्तक ठाऊक होते, त्यांच्यातल्या काहींनी तर ते गोऱ्या लेखकाचे ठरवले! अखेर 1982 मध्ये हेन्री लुई गेट्स या कृष्णवर्णीय अभ्यासकाने लेखिकेची ओळख सिद्ध केली आणि 1983 मध्ये पुस्तक पुन्हा छापले गेले. पुरावा कोणता होता? छोट्या जॉर्जच्या मृत्यूची सरकारी नोंद. ज्याला जगवण्यासाठी आईने पुस्तक लिहिले, त्या लेकराच्या मरणाच्या कागदाने आईला तिचे नाव परत दिले. 2006 मध्ये मिलफर्ड गावात मायलेकरांचा पुतळा उभा राहिला.

सभागृहात अंगात आल्यावर ती जे बोलली, ते बहुतेक हवेत विरून गेले. शुद्धीवर राहून, उपाशीपोटी, स्वतःच्या हाताने जे लिहिले ते 123 वर्षांनी जगासमोर उभे राहिले. वंचितांनी यातून घ्यायचा धडा उघड आहे. आपले दुःख दुसऱ्याच्या तोंडून वदवू नका. ते स्वतःच्या नावाने लिहून ठेवा. जे लिहिलेच नाही, ते शोधणाऱ्यालाही सापडत नाही.