हिरव्या चहाचे जनक : नागातानी सोएन

जपानी चहा म्हटला की हिरवा रंग डोळ्यांपुढे येतो. परंतु अठराव्या शतकाच्या आरंभी तेथील सामान्य माणसाच्या वाट्याला जून पानांचा, तपकिरी, उकळलेला चहाच येई. मळ्यावर आच्छादन घालून उंची चहा पिकविण्याची मुभा उजी येथील मोजक्या घराण्यांनाच होती.

उजीजवळच्या युयादानी खेड्यात १६८१ साली सोएन यांचा जन्म झाला. ते पडले शेतकरी. आच्छादन त्यांना वर्ज्य. मग त्यांनी उघड्या उन्हातल्या झुडपांचे फक्त कोवळे कोंब खुडले, लगेच वाफवले आणि निखाऱ्यांच्या भट्टीवर हातांनी वळत वळत सुकवले. वाफ लागताच पानाचे तांबूस पडणे थांबते. वळल्यामुळे अर्क पाण्यात सहज उतरतो. या खटाटोपात १५ वर्षे गेली असे सांगतात. १७३८ साली पद्धत साधली.

चहा घेऊन ते एदोस, म्हणजे आजच्या टोकियोस, गेले. साठीला टेकलेला माणूस आणि सुमारे तीनशे मैलांची वाट! तेथे यामामोतो काहेई या व्यापाऱ्याने तो विकावयास घेतला आणि त्याचे नाव झाले.

ही विद्या सोएन यांनी दडवून ठेवली नाही, गावकऱ्यांना शिकविली. मला तरी हे त्या शोधाहून मोठे वाटते. १७७८ साली ते वारले. युयादानीत त्यांचे घर पुन्हा उभारले असून जुन्या भट्टीचे अवशेष तेथे जपले आहेत.