कादंबरीला पडद्यावर नेणारा कलामहर्षी

हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला, पण सिंह गेला' या कादंबरीने मराठी वाचकांच्या अनेक पिढ्यांना तानाजी मालुसऱ्यांच्या पराक्रमाचे वेड लावले. ही कादंबरी १९२३ मध्ये 'सिंहगड' या मूकपटाच्या रूपाने पडद्यावर आली, तेव्हा हरिभाऊंच्या निधनाला चार वर्षे उलटली होती. शब्दांवर उभी राहिलेली ही कथा शब्दांविना सांगण्याचे धाडस केले ते कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. कलेचे रीतसर शिक्षण नसतानाही चित्रकला आणि शिल्पकला या दोन्हींत त्यांनी प्रावीण्य मिळवले. आतेभाऊ-मामेभावाच्या नात्यातील आनंदराव पेंटर यांच्यासह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' पाहून दोघांनाही चित्रपटनिर्मितीचा ध्यास लागला. परंतु १९१६ मध्ये आनंदरावांचे अकाली निधन झाले. बाबूराव मात्र खचले नाहीत. विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने त्यांनी स्वतःच कॅमेरा तयार केला. तानीबाई कागलकर यांनी दिलेल्या आर्थिक बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' प्रकाशित झाला. स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याच्या त्या काळात या चित्रपटात स्त्रियांनीच काम केले होते.

'सिंहगड'मध्ये कृत्रिम प्रकाशाचा वापर झाला. सूर्यप्रकाशावर विसंबून राहणाऱ्या तत्कालीन चित्रीकरणात हे मोठे पाऊल होते. शेलारमामांची भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली. पुढे १९२६ मध्ये हर्मन मेलव्हिल यांच्या 'मोबी डिक' या सागरी कादंबरीवर हॉलिवूडने 'द सी बीस्ट' हा मूकपट काढला, तेव्हा प्रेमकथा जोडून तिचा शेवटही सुखान्त केला. साहित्यकृतीचे चित्रपटात रूपांतर करताना तिच्या आत्म्याचे काय होते, हा प्रश्न तेव्हापासूनचाच आहे.

बाबूराव पौराणिक आणि ऐतिहासिक विषयांतच अडकून राहिले नाहीत. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये त्यांनी कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची व्यथा मांडली. हीच कथा त्यांनी १९३६ मध्ये बोलपट म्हणून पुन्हा चित्रित केली.

मात्र नियतीने वेगळेच वळण घेतले. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे त्यांच्या तालमीत घडलेले सहकारी १९२९ मध्ये बाहेर पडले व त्यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. शिष्यांची संस्था भारतभर गाजली. गुरूची कंपनी मात्र बोलपटाच्या आगमनानंतर टिकली नाही. बाबूरावांनी पुन्हा कुंचला आणि छिन्नी जवळ केली. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. हरिभाऊंची कादंबरी आजही वाचता येते. पण तिला पहिल्यांदा डोळ्यांसमोर उभे करणारी ती चित्रफीत काळाच्या पडद्याआड गेली. मागे उरली ती बाबूरावांनी घडवलेली माणसे आणि त्यांच्या हातून उभा राहिलेला मराठी चित्रपट.