कागदावर नसलेल्यांचा सेनापती

मुंबईत सेनापती बापट मार्ग आहे, पुण्यात सेनापती बापट रस्ता आहे. रोज हजारो माणसे या रस्त्यांवरून जातात, पत्ता सांगताना हे नाव घेतात. पण हे बापट कोणत्या फौजेचे सेनापती, असे घरातल्या शाळकरी नातवाने विचारले तर आपल्यापैकी किती जणांना उत्तर देता येईल? त्यांच्याजवळ फौज नव्हती. मुळशी खोऱ्यातले भातशेती करणारे मावळे त्यांच्या मागे उभे राहिले आणि लोकांनीच त्यांना सेनापती म्हटले.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातल्या पारनेरला झाला. घरची गरिबी, पण बुद्धी तल्लख. डेक्कन कॉलेजात शिकून पदवी घेतली, शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०४ साली यंत्रशास्त्र शिकायला ते एडिंबरोला गेले. तिथे इंग्रजी राज्याविरुद्ध बोलले म्हणून शिष्यवृत्ती गेली. मग पॅरिसला जाऊन त्यांनी बॉम्ब तयार करण्याची विद्या मिळवली आणि १९०८ साली ते मायदेशी परतले. अलीपूर खटल्यात नाव आल्यामुळे त्यांना काही वर्षे भूमिगत राहावे लागले. पुढे पकडले गेले, सुटले आणि पारनेरला परत आले. परदेशात शिकून आलेला हा माणूस तिथे हातात झाडू घेऊन गावचे रस्ते आणि शौचकूप साफ करू लागला. गावाला ते विचित्र वाटले असेल. बापटांना त्यात विचित्र काही वाटत नव्हते.

अशा माणसाला मुळशीने साद घातली. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. ती पाण्यापासून करण्यासाठी टाटांच्या कंपनीने मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायला घेतले. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायचे आणि पश्चिमेला कोकणात भिऱ्याला सोडून वीज करायची, अशी ती योजना. ५२ गावे आणि सुमारे ११,००० माणसे तिच्या टप्प्यात येत होती. आंबेमोहर पिकवणारी ती खाचरे पिढ्यान् पिढ्या राबून तयार झालेली. कंपनीची माणसे विचारल्यावाचून त्या शेतांत चर खणू लागली, तेव्हा असंतोष पेटला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, बाराशेंच्या आसपास मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. बायकाही होत्या. काम थांबले. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव अशी कार्यकर्ती मंडळी या लढ्यात होती. बापटांनी त्याला आपले सर्वस्व दिले.

नोकरीची बरीच वर्षे मी बँकेत ग्रामीण कर्जे पाहत होतो. माणूस दारात आला की आम्ही आधी सातबारा मागायचो. जमिनीवर राबतो कोण हे गावाला ठाऊक असते. कागद मात्र मालक कोण एवढेच सांगतो. म्हणून मुळशीची हकिगत वाचताना माझी नजर सत्याग्रहींच्या गर्दीइतकीच गहाणखतांवर जाते. खोऱ्यातली पुष्कळ जमीन कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. मावळा तीच जमीन कसत होता, पण कूळ म्हणून. १८९४ च्या भूसंपादन कायद्याला काळजी होती ती जमिनीची किंमत किती आणि ती कोणाच्या पदरात घालायची, एवढ्याची. उठवलेल्या माणसाने जायचे कुठे, याची तरतूद त्यात नव्हती. सावकाराचे हित आणि कुळाचे हित आरंभी एकाच मांडवात बसले होते. मोबदल्याचा आकडा मनासारखा दिसू लागला तसे ते वेगळे झाले. सावकाराला पैसा पुरेसा होता, कारण त्याचे घर पुण्यात होते. कुळाचे घर, देव आणि स्मशान, सगळे पाण्याखाली जाणार होते.

बापट स्वतः पुण्याच्या सुशिक्षित वर्तुळातले. यंत्र आणि वीज म्हणजे काय, हे त्यांना इतरांपेक्षा अधिक कळत होते. तरी ते कुळाच्या बाजूला राहिले. काम पुन्हा सुरू झाले, अटका झाल्या, बापटांनी तुरुंगाच्या वाऱ्या केल्या. मोबदला घेऊन लोक पांगू लागले, पुढारी अन्य कामांना लागले. डिसेंबर १९२४ मध्ये मोजक्या साथीदारांसह त्यांनी रुळांवर दगड रचून कामावरची गाडी अडवली. हातात शस्त्रही होते. गांधीजींच्या मार्गात हे बसणारे नव्हते आणि बापटांनी तसा आवही आणला नाही. शुद्ध सत्याग्रहाची त्यांची कल्पना निराळी होती. परिणाम स्वतःच्या अंगावर घेण्याची तयारी हा तिचा गाभा. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते तुरुंगात असतानाच, १९२७ साली, भिऱ्याची वीज सुरू झाली.

मग मुळशीचा सत्याग्रह फुकट गेला म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. कुळाला कायद्याचे भक्कम संरक्षण मिळाले ते १९४८ साली. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने केला १९७६ साली. जमीन नावावर नसली तरी तिच्यावर पोट असलेले कूळ आणि शेतमजूर हेही बाधितच, हे देशाच्या भूसंपादन कायद्याने मान्य केले २०१३ साली. मुळशीनंतर ९२ वर्षांनी! ही वाट सरकारी कचेरीत आपोआप तयार झालेली नाही. मुळशीनंतर कोयनेपासून नर्मदेपर्यंत ज्यांना उठावे लागले, त्यांनी ती पायाने मळवली.

१९३१ साली सुटल्यावरही बापट स्वस्थ बसले नाहीत. पुन्हा तुरुंग, मग हैदराबाद संस्थानातला लढा, पुण्यात स्वातंत्र्याचे निशाण उभारण्याचा मान, गोवा मुक्तीचा सत्याग्रह, संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी ते गेले. स्वतःच्या नावावर त्यांनी काही जमवले नाही.

पावसाळ्यात ताम्हिणीकडे जाताना मुळशीचे पाणी फार सुंदर दिसते. मुलांना ते जरूर दाखवावे. सोबत एवढेही सांगावे, की आपल्या घरच्या दिव्यासाठी कोणाचे तरी घर पाण्याखाली गेले आहे, आणि त्याचा हिशोब विजेच्या बिलात येत नाही.