बटाट्याचा श्वास शोधणाऱ्या कमलाताई

मेसमध्ये फ्रोझन मटार दिसले की नाक मुरडणारे आपणच, आणि दोन दिवस टोपलीत पडून कोमेजलेली पालकाची जुडी ताजी म्हणून घेणारेही आपणच. या वादाचं उत्तर शोधताना मी एका मराठी शास्त्रज्ञ बाईंपाशी पोचलो. कमला सोहोनी, लेखिका दुर्गा भागवतांची धाकटी बहीण.

जन्म इंदूरचा, 1911 चा. मुंबईत बी.एस्सी.ला पहिल्या आल्या. 1933 मध्ये बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून नाकारलं. नोबेलवाला माणूस, पण कमलाताई हटल्या नाहीत. थेट तिथे जाऊन भांडल्या. शेवटी एक वर्ष काम बघू, या अटीवर प्रवेश मिळाला. वर्षभरात रामन यांनाच मत बदलावं लागलं.

पुढे केंब्रिज. तिथे बटाट्यात त्यांना सायटोक्रोम सी सापडलं. पेशीच्या श्वसनाला लागणारं हे प्रथिन वनस्पतींमध्येही असतं, हे त्यांनी दाखवलं. 1939 मध्ये पीएच.डी. झाली, प्रबंध जेमतेम 40 पानांचा!

म्हणजे तोडलेली भाजीसुद्धा श्वास घेतच असते. तिचा साठा संपत जातो, क जीवनसत्त्व घटतं. फ्रोझन मटार आधी मिनिट-दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढतात, त्याने एन्झाइम थांबतात. मग उणे 18 अंशांवर ठेवतात. उकळताना थोडं क जीवनसत्त्व जातं, उरलेलं बरंच टिकतं. त्यामुळे सकाळी तोडलेली भाजी केव्हाही भारी, पण तीन दिवसांच्या शिळ्या भाजीपेक्षा फ्रोझन बरी. बर्फाने पेशी फुटतात, म्हणून कोशिंबिरीला ती नको. पुलावाला मस्त; न वितळवता थेट कढईत टाकायची, पाणी कमी. फक्त लाइट गेली की पाकीट वितळतं, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

भारतात परतल्यावर कमलाताईंनी दिल्ली, कुन्नूर आणि नंतर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं. डाळी तपासल्या, नीरा तपासली. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बायांना नीरेने फायदा होतो, हे त्यांनी दाखवलं. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलांना हे काम किती जवळचं आहे, ते तुम्हीच ठरवा. नीराही ताजी असेपर्यंतच खरी. ऊन चढलं की आंबते.

एवढं करूनही संचालकपद मिळायला चार वर्षं उशीर झाला. 1998 मध्ये दिल्लीत इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चने त्यांचा सत्कार ठेवला. त्या कार्यक्रमातच त्या कोसळल्या आणि थोड्याच वेळात गेल्या.